अन्यायाचा कायदा न्यायाधीश सरळ बाजूला का ठेवत नाहीत?

प्रश्न असा आला आहे: विधिमंडळाने रीतसर मंजूर केलेला, राजपत्रात छापून आलेला कायदा हा कायदाच असतो, मग त्याने सार्वत्रिक नीतितत्त्वांना जाब दिलाच पाहिजे, हा आग्रह कशासाठी? आणि जाब द्यायलाच हवा असेल, तर कायदा उघड उघड अन्यायाचा दिसत असताना न्यायाधीश तो बाजूला का सारत नाहीत? विचारणारी मुलगी विधी शाखेत शिकते. वर्गात हार्ट आणि फुलर या दोन विधितज्ज्ञांचा कायदा आणि नीती यांच्या नात्यावरचा वाद नुकताच होऊन गेलेला दिसतो.

मी जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठात वकिली करतो, तत्त्वज्ञान शिकवत नाही. तेव्हा उत्तर कोर्टातलं आहे. लेखी कायद्याला नीतीसमोर उभं राहावं लागतं, यात मला शंका नाही. पण नीती कोर्टात शिरते ती पुरावा, कलमाचा अर्थ, अधिकारक्षेत्र आणि आता संविधानातली काही कलमं, अशा वाटांनी. 'हे अन्याय्य आहे हो, साहेब' एवढंच म्हणत ती आली, तर साहेब मान डोलावतात आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगतात. यात न्यायाधीशांचा निगरगट्टपणा फार थोडा असतो. का, ते महाडच्या उदाहरणावरून सांगतो.

चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्या तळ्यावर दिवाणी दावा झाला, तो महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबई उच्च न्यायालयात गेला, जवळपास दहा वर्षं चालला, हे पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतं. आणि डॉ. आंबेडकरांनी तो नेमका कोणत्या मुद्द्यावर जिंकला, हे तर फारच थोडे सांगू शकतात.

सुरुवातीलाच एक गंमत लक्षात घ्या. लेखी कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जुलमी कायदा येतो. महाडमध्ये आधुनिक लेखी कागद होता तो न्यायाच्या बाजूचा. सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 साली मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारी ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्यानुसार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव फाइलला लागला, तळ्यावर मात्र कुणाला जाता येईना. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी परिषदेला आलेल्या माणसांना गावात मारहाण झाली. मग तळ्याची 'शुद्धी' झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

त्या वर्षीचा डिसेंबर हा माझ्या मते आपल्याकडच्या कायद्याच्या तत्त्वज्ञानातला सगळ्यात मोलाचा महिना आहे. 25 डिसेंबरला दुसरी परिषद भरायची होती आणि पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं होतं. महाडच्या काही सवर्णांनी 12 डिसेंबरला दावा लावला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मंडपात जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. आंबेडकरांनी त्यांची समजूत घातली आणि सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कुणी हात लावला नाही. आणि त्याच परिषदेत, 25 डिसेंबरच्या रात्री, मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

म्हणजे त्या आठवड्यात समोर दोन लेखी आज्ञा होत्या. मनाई हुकूम त्यांनी पाळला, मनुस्मृती जाळली. दोन्ही अन्यायाच्या होत्या, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता. त्याच परिषदेत त्यांनी फ्रान्सच्या 1789 च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि जन्मतः सगळे समान, अशी हक्कांची घोषणाही परिषदेने केली. सार्वत्रिक नीतितत्त्व म्हणतात ते हातात होतं, मोठ्या आवाजात उच्चारलेलंही होतं. तरी ते त्यांनी मनूवर चालवलं, महाडच्या दिवाणी न्यायाधीशावर नाही.

मी याचा अर्थ असा लावतो. मनाई हुकूम चुकीचा असला तरी तो उठवायला जागा होती: अर्ज करा, म्हणणं मांडा, नाही जमलं तर अपील. आणि तो फेब्रुवारी 1928 मध्ये उठलाही. मनुस्मृतीवर अपील कुठे करणार? ज्या कायद्यात तुमचं म्हणणं ऐकून घ्यायची सोयच नाही, त्याला जाब विचारायची जागा कोर्टाबाहेर असते, चौकात असते, परिषदेच्या मंडपात असते. जाब विचारण्याची एक तरी खिडकी उघडी आहे का, हा फरक मला हार्ट-फुलरच्या सगळ्या वादापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

आता दावा. वादींचं म्हणणं दुहेरी होतं: तळं आमच्या मालकीचं, आणि मालकी सिद्ध नाही झाली तरी अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. रूढीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असावी लागते. आज वाचणाऱ्याला वाटेल की आंबेडकरांनी चौथ्या शब्दावर हल्ला चढवला असेल: ही रूढी माणुसकीला धरून नाही, म्हणून वाजवी नाही, म्हणून रद्द. निकाल तसा लागला नाही. तो पहिल्या शब्दावर लागला.

17 मार्च 1937 चा उच्च न्यायालयाचा निकाल वाचताना आपण जमिनीच्या मोजणीचा कागद वाचतोय असं वाटतं. तळं चार-पाच एकरांचं, बरंचसं नैसर्गिक. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं. काठावर पायऱ्या आणि दगडी बांध. तळं शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे एवढं सिद्ध झालेलं, नक्की किती जुनं ते कुणालाच माहीत नाही. 1899 मध्ये नगरपालिकेने गाळ काढला, बांधकाम बहुतेक तेव्हाचं. पाणी मुख्यतः पावसाचं आणि आजूबाजूने वाहून येणारं. एवढा सगळा तपशील कशासाठी, तर शेवटच्या साध्या तर्कासाठी: गावाच्या कडेचं हे मोठं उघडं तळं एके काळी घरांनी वेढलेलंच नसणार, मग घरं उभी राहण्याआधी हे पाणी फक्त आपलंच ठेवायचा प्रयत्न तरी कुणी कशाला केला असेल? अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. सवर्णांचं अपील फेटाळलं.

माणसाला पाणी नाकारणं नीतीला धरून आहे का, यावर एक ओळही नाही. निकाल आला तो पुराव्याचा भार कुणावर, या मुद्द्यावर. ज्युनियर मंडळींना मी हा निकाल वाचायला देतो तेव्हा त्यांचा विरस होतो. माझा होत नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरवणारी रूढी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी केली आणि तिला स्वतःचं वय सांगता आलं नाही, यापेक्षा मोठी फजिती तिची दुसरी कोणती करणार होतात?

हा निकाल देणाऱ्या खंडपीठात न्या. ब्रूमफिल्ड होते. तेच ब्रूमफिल्ड, ज्यांनी 18 मार्च 1922 रोजी अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली. गांधीजींनी त्यांना भर कोर्टात सांगितलं होतं की तुमच्यासमोर दोनच मार्ग आहेत: कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, नाहीतर मला जबरातली जबर शिक्षा द्या. ब्रूमफिल्ड यांनी शिक्षा दिली आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर माझ्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, असंही म्हणाले.

गांधीजींचं ते वाक्य सत्याग्रहीच्या तोंडी बरोबर आहे. आरोप कबूल, पुरावा मान्य, मग न्यायाधीशाला हालचालीला जागाच उरत नाही. पण एरवी तिसरा मार्ग असतो, आणि पंधरा वर्षांनी त्याच न्यायाधीशाने तो महाडच्या दाव्यात वापरला: जो कायद्याचा आधार घेतो त्याच्याकडून कायद्याची प्रत्येक अट शब्दशः पुरी करून घ्यायची. सूट द्यायची नाही. अन्यायाचे बहुतेक कायदे आणि रूढी ढिलाईवर जगतात; कुणी काटेकोर विचारत नाही म्हणून चालतात. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. चांगले न्यायाधीश अन्यायाचा कायदा बाजूला सारताना दिसत नाहीत, कारण ते तो त्याच्याच अटींवर तपासत असतात.

उरलेलं निम्मं उत्तर कठीण आहे. शब्दच बंद करून टाकलेले असले, काटेकोर वाचूनही वाट सापडत नसली, तर? आणीबाणीत हेच झालं. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत टाकलेल्या माणसांनी ठिकठिकाणी हेबियस कॉर्पसचे, म्हणजे अटकेची कायदेशीरता कोर्टाने तपासावी असे, अर्ज केले आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकण्याची तयारी दाखवली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारचं म्हणणं लेखी शब्दाला धरून होतं: राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम 21, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, बजावून घेण्याचा अधिकार स्थगित आहे, तेव्हा अटक बेकायदा असली तरी दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने निव्वळ वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तरी उपाय नाही? डे यांचं उत्तर होतं की माझा युक्तिवाद खरा धरला तर आणीबाणी असेतोवर नाही.

28 एप्रिल 1976 ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. कैद्यांचे हाल होतील, त्यांना गोळ्याही घातल्या जातील, अशी भीती वकील घालत होते. तसं कधी घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण आशा मला आहे, असं त्यांनी लिहिलं. कायद्याने दार लावून घेतल्यावर आशेवर विसंबायचं, ही न्यायाधीशाची भाषा नव्हे. हे मी त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो, पुढे ते सोळाव्या सरन्यायाधीशपदाला पोचले आणि तिथे सात वर्षांहून अधिक काळ राहिले.

खन्नांचं भिन्नमतपत्र मात्र नीट वाच. 'माझी सदसद्विवेकबुद्धी मानत नाही' असं म्हणून ते थांबत नाहीत. त्यांचा मुद्दा असा: जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कलम 21 ने दिलेला नाही, ते कलम त्याला मान्यता देतं. संविधान येण्याआधीही या देशात सरकारला कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव घेता येत नव्हता. मग ते कलम बजावणं स्थगित झालं म्हणून सरकारला कधीच नसलेला अधिकार कुठून आला? हेच ते सार्वत्रिक तत्त्व, पण अधिकाराच्या प्रश्नाचा पोशाख घालून आलेलं. म्हणूनच ते टिकलं. खन्नांना त्याची किंमत मोजावी लागली. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 आणि 21 स्थगितीच्या बाहेर काढली. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आणीबाणीतला तो निकाल, जो जबलपूर प्रकरण म्हणून ओळखला जातो, रद्दबातल ठरवला. हे ज्यात लिहिलं आहे तो मुख्य भाग न्या. धनंजय चंद्रचूड यांचा, म्हणजे यशवंतरावांच्याच मुलाचा.

जर्मनीत विधितज्ज्ञ गुस्ताव राडब्रुख यांनी नाझी राजवटीनंतर, 1946 मध्ये, सूत्र मांडलं होतं की लेखी कायदा आणि न्याय यांच्यातली विसंगती असह्य टोकाला गेली की तो कायदा कायदाच राहत नाही. सूत्र सुंदर आहे. पण ते कामाला येतं राजवट पडल्यावर, नव्या कोर्टात जुन्या गुन्हेगाराला उभं केल्यावर. राजवट चालू असताना आतल्या माणसाचं वकीलपत्र घेतलेल्या मला त्याचा उपयोग नाही. मला खन्नांसारखा मुद्दा लागतो.

आपल्या संविधानाने हे काम बरंच सोपं केलं आहे. तेरावं कलम सांगतं की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता निरर्थक. मनेका गांधी प्रकरणात 1978 साली ठरलं की स्वातंत्र्य हिरावणारी पद्धत कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही हवी. आणि पंधराव्या कलमाचं दुसरं उपकलम उघडून बघ. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर जातीवरून नाकारता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. उच्च न्यायालयाने 1937 मध्ये ज्याला हात लावला नाही, ते तेरा वर्षांत देशाच्या मूळ कायद्यात आलं. मसुदा समितीचा अध्यक्ष कोण होता, ते सांगायला नको. त्याच माणसाने 4 नोव्हेंबर 1948 ला संविधानसभेत बजावलं होतं की संवैधानिक नैतिकता ही निसर्गतः येणारी भावना नाही, ती रुजवावी लागते.

मग न्यायाधीशांना आणखी मोकळीक द्यायला काय हरकत आहे? हरकत ही की नीतीचा दावा दोन्ही बाजू करतात. 1885 मध्ये मुंबईत न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंना, ज्याच्याकडे त्या कधी नांदल्याच नव्हत्या त्या नवऱ्याकडे, बळजबरीने पाठवायला नकार दिला. अपिलात तो निकाल फिरला आणि 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. त्या वेळी 'केसरी' कुणाच्या बाजूने होता, हे मराठी वाचकाने विसरू नये; धर्म आणि समाजधारणेच्या नावाने ती, नवऱ्याची, बाजूही तितक्याच तळमळीने लढत होती. आज एखाद्या न्यायाधीशाला मी म्हणालो की कायदा सोडा, मनाचं ऐका, तर उद्या तेच वाक्य दुसरा वकील दुसऱ्या न्यायाधीशाला म्हणेल, आणि त्या मनात काय आहे ते मला माहीत नसेल. माझ्यासाठी सार्वत्रिक म्हणजे उलट बाजूला उभं राहूनही सोसता येईल असं तत्त्व. रखमाबाईंच्या विरोधकांपैकी किती जणांनी आपल्यावर असा हुकूम सोसला असता?

एक रोजचं उदाहरण देतो. भिक्षा प्रतिबंधाचा 1959 चा मुंबई कायदा दिल्लीलाही लागू केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली मुख्य कलमं तिथल्यापुरती रद्द केली. जिथे तो जन्मला त्या महाराष्ट्रात त्या निकालाने तो हलला नाही. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरणारा की तो भिकेवर जगत असावा असं वाटावं, तोही या कायद्याने भिकारीच, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं संस्थेत डांबण्याची तरतूद. गरिबी हाच गुन्हा, दुसरं काय. पहाटेच्या एका मोहिमेत पोलिसांनी मजूर नाक्याजवळ झोपलेला एक माणूस उचलला होता. मी दंडाधिकाऱ्यांपुढे कायद्याच्या क्रौर्यावर बोलायला लागलो. साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, ते वर जाऊन सांगा. हा यात बसतो की नाही, तेवढं मला सांगा." मग त्याची जप्त केलेली पिशवी मागवली. आत थापी, ओळंबा, लेव्हलची नळी आणि सिमेंटने कडक झालेली एक विजार. दृश्य साधन याहून दृश्य काय असणार? साहेबांनी ओळंब्याची दोरी बोटावर धरून बघितली, लेखनिकाला चार ओळी सांगितल्या आणि गवंडी सुटला. कायदा जागच्या जागी राहिला.

या गवंड्याला दाद मिळाली, कायद्याला जाब विचारला गेला नाही, असं तू म्हणशील. बरोबर आहे. तो जाब रिट याचिकेत विचारायचा असतो, समानतेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमाखाली, उच्च न्यायालयात. ही कामं वेगवेगळी आहेत. खालच्या कोर्टात माणूस सोडवायचा, वरच्या कोर्टात कलम पाडायचं, आणि विधिमंडळावर मोर्चाही न्यायचा. माणूस आत कुजत असताना वकिलाने तिसऱ्या कामाचं भाषण पहिल्या कामाच्या जागी केलं, की पक्षकार मरतो. त्यासाठीच मला इंग्रज विधितज्ज्ञ ऑस्टिनचं म्हणणं पटतं की कायदा असणं वेगळं आणि तो चांगला असणं वेगळं. पक्षकाराला खरं सांगता येतं: कायदा असा आहे, तो वाईट आहे, आणि आज आपल्याला त्याच्या आतून वाट काढायची आहे.

शेवटी एक धंद्यातली गोष्ट, कारण तू उद्या वकील होणार. 1937 च्या निकालात एक ओळ आहे जी मी प्रत्येक ज्युनियरला अधोरेखित करायला लावतो. न्यायाधीश म्हणतात की वादींनी वहिवाट सिद्ध केली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का याचा विचार कदाचित करावा लागला असता. आणि कंसात जोडतात की काटेकोरपणे पाहता हा मुद्दा खालच्या कोर्टांत मांडलेला नव्हता. तेव्हा कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी म्हणणं, लिहिताना पुराव्याचे मुद्दे झाले की वेगळा परिच्छेद करून, आकडा घालून, रूढी किंवा तरतूद का अन्याय्य आहे ते लिहीच. साहेब त्यावर निर्णयासाठी वेगळा मुद्दा काढणार नाहीत असं वाटलं तरी मुद्दा काढायचा अर्ज दे आणि तो फेटाळला तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, तशी नोंद करून घे.